ताईचं पाणी

त्रिशलाची जीभ पहिल्यांदा पुरती तोंडात मावली तेव्हा ती सहा वर्षांची होती. त्या दिवशी सकाळी आरशासमोर उभं राहून तिने ओठाला ओठ लावले आणि ते मिटलेलेच राहिले. ती तशीच धावत शिवणाच्या खोलीत आली आणि तोंड न उघडता आईच्या ओढणीला हिसके देऊ लागली. पद्मजा ब्लाउजला बाही जोडत होती. तिने मशीन थांबवलं, वळून पाहिलं, आणि लेकीच्या मिटलेल्या ओठांकडे बघत नुसती बसून राहिली.

जन्मापासून त्या पोरीचं तोंड मिटलं नव्हतं.

ही २०३८ सालची गोष्ट. पद्मजा मगदूम जयसिंगपूरला घराच्या पुढच्या खोलीत शिवणकाम करायची. तिच्या हातच्या ब्लाउजचा गळा कधी ओघळत नाही अशी ख्याती होती. नवरा भरतेश हायस्कुलात विज्ञान शिकवायचा. त्रिशला जन्मली तीच मानेच्या उजव्या बाजूला लोंबती सूज आणि ओठांबाहेर आलेली जीभ घेऊन. मिरजेच्या इस्पितळात डॉक्टर निखत मोमीन यांनी नवराबायकोला समोर बसवून कागदावर चित्र काढून समजावलं होतं.

"रक्तवाहिन्यांसारखंच शरीरात आणखी एक जाळं असतं, लसिकावाहिन्यांचं. पेशींमधून झिरपलेलं पाणी गोळा करायचं आणि परत रक्तात नेऊन सोडायचं, एवढंच त्याचं काम. पोटात बाळाचं हे जाळं विणलं जाताना एखाद्या पेशीच्या जनुकात एक अक्षर चुकतं. मग तिच्यापासून होणारी प्रत्येक पेशी तेच चुकलेलं अक्षर गिरवत राहते. नळ्या एकमेकींना जोडल्याच जात नाहीत. त्यांच्या पिशव्या होतात आणि पाणी तुंबतं. यात तुमची चूक नाही. खाण्याची नाही, आणि ग्रहणाची तर नाहीच नाही."

सासूबाईंनी ग्रहणाचं काढलं होतं हे डॉक्टरांना कसं कळलं, याचं पद्मजाला नवल वाटलं होतं. त्यांना ते प्रत्येक घरातून ऐकायला मिळत असणार, हे तिला फार उशिरा समजलं.

पिशव्या दोन जातीच्या असतात. मोठ्या असल्या तर सोनोग्राफीत बघत सुई घालायची, पाणी ओढून घ्यायचं आणि त्याच जागी औषध सोडायचं. पिशवीच्या भिंती आधी लाल होऊन सुजतात, मग एकमेकींना चिकटतात आणि पिशवी मिटते. पण कधी त्या पिशव्या इतक्या बारीक असतात की सगळा भाग मधाच्या पोळ्यासारखा होतो. त्या हजार भोकांत कुठली सुई शिरणार? त्रिशलाला दोन्ही होतं. मानेत पिशव्या होत्या आणि जिभेत पोळं. मगदुमांच्या जैन घरात मध कधी येत नसे. म्हणूनच की काय, पद्मजाच्या मनात ती उपमा काट्यासारखी रुतून बसली.

मानेतल्या पिशव्यांना इंजेक्शनं सुरू झाली. सहाव्या वर्षी, तिसऱ्या इंजेक्शनानंतर त्रिशलाला ताप भरला तो नऊ दिवस उतरला नाही. दहाव्या दिवशी तो गेला, आणि जाताना जिभेतलं पोळंही घेऊन गेला. जिथे सुई कधी पोचलीच नव्हती, तिथली सूज महिन्याभरात वितळली.

आता मानेत एकच पिशवी उरली होती, उजव्या जबड्याखाली, आवळ्याएवढी. ती मिटवायला पुढच्या सोमवारी या, असं डॉक्टर मोमीन म्हणाल्या होत्या. सोमवारी त्यांनी पिशवीतलं पाणी काढलं, पण औषध सोडलं नाही. मायलेकींना बाहेर बसवलं आणि दोन तासांनी पद्मजाला एकटीला आत बोलावलं.

"पद्मजाताई, त्या तापात तुमच्या लेकीच्या शरीराने एक कमाल केलीय," त्या म्हणाल्या. एरवी शांत बोलणाऱ्या बाईंचा आवाज कापत होता. "रक्तातल्या पांढऱ्या पेशी पहारेकऱ्यासारख्या असतात. आपलं कोण, परकं कोण, एवढं त्या ओळखतात. या पिशव्यांच्या पेशी आपल्याच, म्हणून त्यांना कुणी हात लावत नाही. पण त्रिशलाच्या पहारेकऱ्यांना ते चुकलेलं अक्षर वाचता यायला लागलंय. ते नेमक्या त्या पेशी हुडकून काढतात आणि बाकीच्यांना धक्का लावत नाहीत. आणि तेच चुकलेलं अक्षर बहुतेक सगळ्या मुलांत असतं."

"म्हणजे?"

"म्हणजे वरच्या मजल्यावर परभणीचं आठ महिन्यांचं बाळ आहे. जीभ आणि घसा सगळा पोळं झालाय. गळ्याला भोक पाडून नळी घातलीय, तिच्यातून श्वास घेतं. त्याच्यासाठी माझ्याकडे काही नाही. काहीच नव्हतं. आज आहे."

पद्मजाने हो म्हणायला एक क्षणही घेतला नाही. त्रिशलाच्या पाण्यातून त्या पेशी वेगळ्या केल्या, बाळाच्या शरीराने त्यांना परकं समजू नये म्हणून त्यांच्यावरच्या ओळखीच्या खुणा पुसल्या, आणि त्या बाळाच्या घशात टोचल्या. दोन महिन्यांनी नळी निघाली. बाळाचं नाव अद्वय. ते पहिल्यांदा आवाज काढून रडलं तेव्हा पद्मजा त्या वॉर्डातच होती. बाळाची आई वेड्यासारखी हसत होती. मग ती खाली बसली आणि सहा वर्षांच्या त्रिशलाच्या पायांवर तिने डोकं ठेवलं. त्रिशला घाबरून आईच्या मागे लपली.

त्यानंतर आणखी दोन मुलं बरी झाली, मग चार. आणि तेव्हाच खरी अडचण कळली.

या पेशी प्रयोगशाळेत वाढत होत्या, पण अकरा दिवसांनी शिकलेलं विसरत होत्या. चुकलेलं अक्षर रोज डोळ्यांसमोर राहिलं तरच ते त्यांच्या लक्षात राही, आणि ते असायचं त्या पिशवीच्या जिवंत भिंतीत. बाकी सगळीकडचं दुखणं त्यांनी साफ करून टाकलं होतं. या एका पिशवीच्या भिंतीला मात्र त्या इजा न करता नुसत्या चिकटून राहत. का, ते कुणालाच उलगडत नव्हतं. काचेच्या बशीत भिंती वाढवून पाहिल्या, गोठवून पाहिलं, माकडांतही करून पाहिलं. जमलं नाही. पिशवी मिटवली की दोन आठवड्यांत औषध संपणार होतं, कायमचं.

"दोन वर्षं द्या मला," डॉक्टर मोमीन म्हणाल्या. "तोवर बाहेर करता येईल. पिशवी छोटी आहे, धोका फार नाही. दोन वर्षांनी मी स्वतः मिटवून देईन."

दोनाची चार झाली, चाराची सहा.

दर सहा आठवड्यांनी मायलेकी अंकलीचा पूल ओलांडून मिरजेला जायच्या. मानेला सोनोग्राफीची पातळ पट्टी चिकटवायची, बधिर करायचं मलम लावायचं, आणि मग सुई. गव्हाच्या काडीच्या रंगाचं पाणी नळीतून हळूहळू यायचं. तेवढ्यात दोन मुलांची सोय व्हायची. वॉर्डातल्या आया त्याला 'ताईचं पाणी' म्हणायच्या. "ताईचं पाणी आलं का?" असं एकमेकींना विचारायच्या, नगरपालिकेच्या नळाबद्दल विचारावं तशा.

त्रिशला वाढत होती, तशी पिशवीही. आवळ्याचं लिंबू झालं, लिंबाचं मोसंबं. पाणी काढल्यावर मान दोन दिवस ताठ व्हायची, आठवड्याभराने पिशवी पुन्हा भरायची. साधी सर्दी झाली तरी ती टरारून फुगायची. कबड्डी बंद, पोहणं बंद, झोपायचं ते एकाच कुशीवर. पद्मजा तिच्या फ्रॉकना उंच कॉलर लावायची आणि उजवीकडे कापड जास्त सोडायची. मापाची टेप त्या मानेभोवती फिरवताना प्रत्येक वेळी आकडा वाढलेला असे, आणि ती तो कुणाला सांगत नसे.

भरतेश वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर पद्मजाचं काम सोपं होतं. तो दर वेळी रजा काढून सोबत यायचा, लेकीची उशी स्वतः नीट करायचा. पण बातमी फुटल्यापासून सत्कार सुरू झाले होते. आधी शाळेत, मग समाजाच्या सभेत. महाराजांनी प्रवचनात त्रिशलाचं नाव घेतलं. "अन्नदान, औषधदान, ज्ञानदान सगळे करतात. या मुलीचं अभयदान आहे," असं ते म्हणाले तेव्हा भरतेशच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पद्मजा शेजारी बसली होती. तिला दिसत होतं ते एवढंच, की व्यासपीठावर बसलेली तिची लेक खांदा तिरका करून मान लपवतेय.

बारा वर्षं पूर्ण झाल्यावर कायद्याने त्रिशलाचीही संमती लागू लागली. पाणी काढायचं तर आई, बाप आणि मूल, तिघांच्या सह्या. एका बाहेरच्या समुपदेशक बाईंनी तिला अर्धा तास एकटीला बसवून विचारलं. त्रिशलाने सही केली. परतताना बसमध्ये पद्मजाने हळूच विषय काढला.

"काय म्हणाल्या गं बाई?"

"म्हणाल्या, नाही म्हणायचं असेल तर म्हण. कारण सांगायची गरज नाही. कुणी रागावणार नाही."

"मग?"

"मग मी विचारलं, यादीत आत्ता किती जण आहेत. त्या म्हणाल्या, ते आम्ही तुला सांगू शकत नाही, तुझ्यावर दडपण येईल." त्रिशला खिडकीबाहेर बघत होती. "म्हणजे आहेतच ना, आई?"

ही पोर हो म्हणते कारण तिला नाही म्हणणं परवडत नाही, हे त्या दिवशी पद्मजाला लख्ख दिसलं. पण ते दिसूनही तिने आणखी सव्वा वर्ष काही केलं नाही. पुढे आयुष्यभर तिला सगळ्यात जास्त लागलं ते हे सव्वा वर्ष.

त्रिशला तेरा वर्षांची असताना, एका रविवारी सकाळी, नाश्त्याच्या ताटावर बसलेली ती अचानक उठली आणि दोन्ही हातांनी गळा धरला. दोन दिवस सर्दी होतीच. पिशवीत जंतू शिरले होते आणि ती आत श्वासनलिकेवर फुगत चालली होती. मिरजेला पोचेपर्यंत पोरीचे ओठ निळे पडले. घशातून नळी घालून पाच दिवस तिला झोपवून ठेवलं. ते पाच दिवस भरतेश आणि पद्मजा एका बाकावर बसून होते.

सहाव्या दिवशी नळी निघाली. डॉक्टर मोमीन बाहेर आल्या. गेल्या सात वर्षांत त्यांचे केस पांढरे झाले होते. त्या बाकावर पद्मजाशेजारी बसल्या.

"एकदा जंतू शिरले की पुन्हा शिरतात. पुढच्या वेळी मिरजेपर्यंत वेळ मिळेलच असं नाही. आता पिशवी मिटवायला हवी."

"मिटवा," पद्मजा म्हणाली.

डॉक्टर लगेच उठल्या नाहीत. "त्रिशलाची डॉक्टर म्हणून मी एवढंच बोलायला हवं. पण तुमच्यापासून लपवणार नाही. यादीत तीन मुलं आहेत. दोघं थांबू शकतात. तिसरी चौदा महिन्यांची आहे, उमरग्याची, कार्तिकी सुरवसे. तिचं पोळं श्वासनलिकेच्या आत उतरायला लागलंय. आत्ताचं पाणी गढूळ आहे, उपयोगाचं नाही. सहा आठवडे थांबलो तर स्वच्छ पाणी मिळेल. एकदा काढून लगेच मिटवता येईल."

"आणि सहा आठवड्यांत त्रिशलाला पुन्हा झालं तर?"

"विसांत एक. तेवढा धोका आहे."

"म्हणजे एकोणीस वेळा काही होणार नाही," भरतेश हळूच म्हणाला.

पद्मजाने त्याच्याकडे पाहिलं. "तुम्ही वर्गात शिकवता ना हे? पिशवीत वीस गोट्या, त्यातली एक काळी. घाला हात. मी बघते."

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी दुपारी शिवणाच्या खोलीच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली तेव्हा पद्मजाला कळलं की पत्ता भरतेशनेच दिला आहे. बाई पंचविशीची असेल. कडेवर मूल होतं, गळ्याच्या नळीवर ओला रुमाल बांधलेलं. मुलाचा श्वास खोलीभर ऐकू येत होता, शिट्टीसारखा.

"मी रेश्मा सुरवसे, ताई. उमरग्याहून आले."

"बसा."

रेश्मा बसली नाही. ती उंबऱ्याच्या बाहेर पायरीवर टेकली, मूल मांडीवर घेऊन. "डॉक्टरीणबाईंना माहीत नाही मी आलेलं. माझं लेकरू लई हसरं आहे, ताई. नळी घातली तवापासून आवाज येत नाही, पण हसतंय. सहा आठवडे म्हणतेत. सहाच. मी तुमच्या लेकीच्या उशाशी येऊन बसते सहा आठवडे. रात्रंदिवस बसते."

कार्तिकीने पद्मजाकडे पाहिलं आणि खरंच हसली. दोन दात होते. पद्मजाच्या हातात कुणाच्या तरी लग्नाच्या ब्लाउजचं कापड होतं. ते तिने मशीनवर ठेवलं, पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं.

"माझी एकच आहे," ती शेवटी म्हणाली.

"माझी बी एकच आहे, ताई."

मग पद्मजा उठून उंबऱ्याशी आली आणि त्या मुलीच्या आईच्या समोर खाली बसली. हे उभ्याने सांगायचं नाही, एवढंच तिने ठरवलं होतं.

"सात वर्षं दिलीत मी. आता नाही देणार. तुमचं लेकरू बघून नाही म्हणतेय मी, न बघता नाही. मला काय म्हणायचं ते म्हणा."

रेश्माने शिव्या दिल्या नाहीत. ती तशीच बसून राहिली. चार वाजता मुलीला नाकातल्या नळीने दूध द्यायची वेळ झाली, ते तिने तिथेच पायरीवर दिलं, आणि स्टँडवर गेली.

आतल्या दारात त्रिशला उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"मी थांबते सहा आठवडे," ती म्हणाली. आवाज अजून घोगरा होता.

"नाही."

"मान माझी आहे, आई."

"आहे. पाणी द्यायला तिघांच्या सह्या लागतात, मिटवायला एकीची पुरते. माझी. मी ती केली आहे."

"तू मला विचारलं नाहीस."

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस. आणि मग ते तुझ्या डोक्यावर राहिलं असतं, काही झालं तरी. हे माझ्या डोक्यावर राहू दे."

गुरुवारी ती निमूट टेबलावर झोपली. औषध सोडण्याआधी डॉक्टर मोमीन पाणी काढत होत्या तेव्हा तिने विचारलं, "थोडं तरी चांगलं असेल ना?" ते गढूळच होतं. तरी डॉक्टरांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली नेलं, पुष्कळ वेळ बघत बसल्या, आणि परत येऊन नुसती मान हलवली. मग त्यांनी पिशवीत औषध सोडलं.

तीन आठवड्यांत पिशवी मिटली. जबड्याखाली थोडी जाडसर त्वचा उरली, बाकी काही नाही. त्रिशलाला दोन्ही कुशींवर झोपता येऊ लागलं. तेरा वर्षांत पहिल्यांदा पद्मजाने तिला मोकळ्या गळ्याचा ड्रेस शिवला. तो तिने घातला नाही. कपाटातल्या उंच कॉलरीच घालत राहिली.

प्रयोगशाळेतल्या शेवटच्या पेशी अकराव्या दिवशी विसरल्या. दोन वर्षांनी दुसऱ्या एका शहरातल्या लोकांनी अशा पेशी बाहेर टिकवायची युक्ती शोधली, वर्तमानपत्रांत मोठी बातमी आली, आणि आज ते औषध सगळीकडे मिळतं. पण ते दोन वर्षांनी.

कार्तिकी साडेतीन महिन्यांनी गेली. निरोप भरतेशच्या फोनवर आला. त्याने तो जेवणाच्या ताटावर वाचून दाखवला आणि फोन पालथा ठेवला. "सहा आठवडे मागितले होते तिने," तो म्हणाला. त्रिशला उठून आत गेली. त्या दिवसापासून ती आईशी कामापुरतंच बोलू लागली, हो आणि नको. घरात तीन माणसं वावरत होती आणि भांड्यांचा आवाज तेवढा ऐकू यायचा.

महिन्याभराने पद्मजाने एका पिशवीत दोन साड्या भरल्या.

"कुठे?" भरतेशने विचारलं.

"उमरग्याला. भेटून येते."

"कुठल्या तोंडाने जाणार आहेस?"

"आहे त्याच. दुसरं कुठून आणू?"

पहाटेच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. बस हलायच्या बेतात असताना कुणीतरी धापा टाकत चढलं आणि तिच्या शेजारी येऊन टेकलं. त्रिशला होती. पायांत घरातल्याच चपला. सोलापूरच्या स्टँडवर पद्मजाने दशम्या सोडल्या, एक तिच्या हातात दिली, आणि मग त्रिशलाने विचारलं.

"तू त्यांच्या जागी असतीस तर?"

"पायरीवरून उठले नसते," पद्मजा म्हणाली.

"आणि त्या बाईने नाही म्हटलं असतं तर?"

"तिला कधी क्षमा केली नसती."

त्रिशलाने दशमीचा तुकडा मोडला. तो तिने खाल्ला नाही, आईच्या हातात ठेवला. गेल्या महिन्यात तिने आईला स्वतःहून काही दिलं ते एवढंच.

उमरग्यात घर विचारत गेल्या तेव्हा दुपार कलली होती. दोन खोल्यांचं पत्र्याचं घर होतं. रेश्मा अंगणात धुणं वाळत घालत होती. दोघींना पाहून तिचे हात तारेवरच थांबले. पद्मजाने सगळ्या रस्त्यात जुळवलेली वाक्यं तोंडाशी येऊन विरली. तिला वाटलं, ही आता आत जाईल आणि दार लावून घेईल, आणि ते बरोबरच होईल.

रेश्मा आत गेली. पण दार उघडंच राहिलं. ती पाण्याचे दोन तांबे घेऊन बाहेर आली, चटई टाकली, आणि त्या बसल्यावर समोर बसली. शेजारच्या घरातून कुणाच्या तरी मुलाच्या रडण्याचा आवाज येत होता.

मग रेश्मा त्रिशलाकडे वळली. "हीच का?"

पद्मजाने मान हलवली.

"जवळ ये गं, बाई."

त्रिशला चटईवरून पुढे सरकली. तिने स्वतःच कॉलरचं बटण काढलं आणि हनुवटी वर केली. रेश्माने हात पुढे केला. तिची बोटं धुण्याच्या पाण्याने थंड होती. जबड्याखालच्या त्या सपाट जागेवरून तिने ती हळूहळू फिरवली, कानामागून गळ्यापर्यंत, पुन्हा कानामागे, तिथे काही राहिलंय का हे हुडकावं तशी. तिथे काही नव्हतं. बोटं एका जागी थांबली. त्रिशलाचा श्वास तिच्या हाताखालून बिनआवाजाचा जात-येत होता, आणि रेश्मा कान देऊन तो ऐकत असावी असं पद्मजाला वाटलं.

"दुखत नाही ना आता?" तिने विचारलं.

"नाही," त्रिशला म्हणाली, आणि रडू लागली.

रेश्माने हात काढला नाही.